प्लिमथपर्यंतची साखळी : प्रकल्प नोंदी

काम : सासूबाईंच्या माहेरचा वंश मेफ्लॉवर जहाजावरच्या (१६२० मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन अमेरिकेत प्लिमथला आलेलं जहाज) जॉन हाउलंडपर्यंत कागदोपत्री सिद्ध करणे. हाउलंड म्हणजे पिढी १, आमची लेक पिढी १४. घरच्या माणसांची नावं या वहीत नाहीत, पिढीचा आकडा आहे.

११ जानेवारी

सासूबाईंनी त्यांच्या आजीने (पिढी १०) टंकलिखित केलेला कागद माझ्या हातात दिला. नावांची सरळ रांग, तळाशी आजी स्वतः आणि माथ्यावर ‘जॉन हाउलंड, मेफ्लॉवर, १६२०’. तारखा मोजक्या, आधार एकही नाही. त्यांच्या माहेरी यावर कुणी कधी शंका घेतलेली नाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना वाटतंय की नातीच्या हातात नुसता कागद नको, पुराव्यांची फाइल पडावी.

दावा अशक्य नाही. मेफ्लॉवरवर १०२ उतारू होते आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. हाउलंड वाचला. तो गव्हर्नर जॉन कार्व्हरचा नोकर म्हणून आलेला. भर समुद्रात वादळात जहाजावरून खाली पडला, पाण्यात लोंबणारी शिडाची दोरी हाताला लागली म्हणून परत वर ओढला गेला. पुढे त्याने त्याच जहाजावरून आलेल्या एलिझाबेथ टिलीशी लग्न केलं. दहा मुलं झाली आणि दहाही जगली. त्या काळी हे फार मोठं भाग्य, म्हणूनच आज त्यांचे वंशज अमेरिकाभर पसरलेत. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश याच दांपत्याचे वंशज.

पण अशक्य नाही म्हणजे सिद्ध झालं असं नाही.

१९ जानेवारी

पद्धत ठरवली. मेफ्लॉवर वंशजांची संस्था १८९७ पासून आहे आणि तिचा नियम कडक आहे : प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू, आणि मुख्य म्हणजे हे मूल याच आई-बापाचं हे दाखवणारा कागद. घराण्याची आख्यायिका चालत नाही, इंटरनेटवरचे वंशवृक्ष चालत नाहीत. ते चालू नयेत हेच बरं. आज पाहिलेल्या एका वृक्षात आईच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी तिला मूल झालेलं दाखवलंय, आणि तोच मजकूर पुढे बऱ्याच जणांनी जसाच्या तसा उचललाय.

पहिल्या पाच पिढ्यांचं काम अभ्यासकांनी आधीच करून ठेवलंय. हाउलंडची थोरली लेक देझायर आणि तिचा नवरा कॅप्टन जॉन गोरम यांचा वंश पाचव्या पिढीपर्यंत पुराव्यांसकट छापलेला आहे, आणि सासूबाईंच्या आजीचा कागद देझायरमधूनच खाली येतो. म्हणजे मला १४ पासून वर चढत ६ पर्यंत पोचायचंय. तिथे छापील ग्रंथाचा हात लागेल.

लेकीने हिशेब केला : तेरा पायऱ्या वर गेलं की पूर्वजांच्या ८,१९२ जागा होतात. त्यांतल्या दोन हाउलंड नवरा-बायकोच्या. आणि ४,०९६ माझ्याकडच्या, गोदेकाठच्या.

२ फेब्रुवारी

पिढी १३ ते ९ झाल्या. मेन राज्यात १८९२ पासून जन्म-मृत्यूची राज्यपातळीवर नोंद आहे, त्यामुळे दाखले टपालाने आले. फारसं लिहिण्यासारखं नाही.

२४ फेब्रुवारी

इथून चढ सुरू. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी आहे, पण १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यात नुसते आकडे. १८५० पासून नावं आली, मात्र कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते १८८० पासूनच. म्हणजे १८५० मध्ये एका छपराखाली राहणारी मुलगी लेक, पुतणी की कामाला ठेवलेली पोर, हे जनगणना सांगत नाही. पिढी ८ साठी जनगणना, दफनभूमीतला दगड आणि गावच्या वहीतली जन्मनोंद अशा तिघांची मोट बांधावी लागली.

पिढी ७ मेनमधल्या गोरम गावच्या वहीत आहे. ‘अमक्याची आणि त्याची बायको अमकीची मुलं’ म्हणून आठ नावं, तारखांसह. ही ‘बायको अमकी’ म्हणजे आपली पिढी ६. पहिलं नाव आहे, नवऱ्याचं आडनाव आहे, माहेरचं आडनाव नाही. वंश तिच्यातूनच वर जातो आणि नेमकं तिचंच माहेर गाळलेलं.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत सुनेचं माहेरचं नाव-गाव देतात आणि लेक कुठल्या घरात दिली तेही देतात, याचं मोल मला आज कळलं. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांच्या सहीची नोंद आहे. वडिलांनी ती लहानपणी दाखवली होती आणि तेव्हा मला आइसक्रीमची घाई होती.

१६ मार्च

पोर्टलंड. गोरम गाव कंबरलंड काउंटीत येतं आणि तिची मृत्युपत्रं पोर्टलंडच्या इमारतीत होती. जानेवारी १९०८ मध्ये ती इमारत जळली आणि प्रोबेट कोर्टाची दफ्तरं गेली. पिढी ६ च्या नवऱ्याचं मृत्युपत्र, वाटणी, वारसांची यादी, जे काही असेल ते त्या राखेत.

खरेदीखतांची दफ्तरं मात्र शाबूत आहेत, काउंटी झाली त्या १७६० पासूनची. दिवसभर पडद्यावर जुनं हस्ताक्षर वाचलं. पिढी ६ च्या नवऱ्याने जमीन विकली तिथे तिने विधवा-हक्क (नवऱ्यामागे त्या जमिनीत बायकोला मिळणारा वाटा) सोडल्याची सही आहे. सही म्हणजे फुली नव्हे, पूर्ण नाव, ठाशीव अक्षरात. लिहायला येत होतं तिला. त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

६ एप्रिल

छापील ग्रंथात पाचव्या पिढीच्या मुलांची यादी काढली. गाव बार्नस्टेबल, मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड द्वीपकल्पावरचं. १७५० च्या दशकात बाप्तिस्मा झालेली एक मुलगी, आपल्या पिढी ६ चंच पहिलं नाव, वय जुळतं. तिच्यापुढे लिहिलंय की यापुढे काही आढळत नाही.

म्हणजे बार्नस्टेबलला एक मुलगी कागदावरून नाहीशी होते आणि सुमारे सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेला गोरमला त्याच नावाची, त्याच वयाची एक बायको उगवते. सासूबाईंच्या आजीने या दोघी एकच असं धरून रेघ ओढली. कशाच्या आधारावर, ते कागदावर नाही. तेच नाव त्या काळी केप कॉडच्या प्रत्येक घरात होतं, त्यामुळे नुसत्या नावाला अर्थ नाही.

२० एप्रिल

जुन्या तारखांविषयी फाइलसाठी टिपण. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखा दुहेरी लिहायच्या. हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२/७३. पेशवे दफ्तरात शुहूर सन आणि शकाची सांगड घालणाऱ्यांना हे नवीन नाही. एकेरी साल लिहिणाऱ्या वंशवृक्षांत मात्र याच कारणाने वर्षभराचा घोळ झालेला असतो.

१९ मे

प्लिमथ. सासूबाईंना घेऊन गेलो. त्यांना बरिअल हिल या दफनभूमीच्या टेकडीवर हाउलंडच्या नावाचा दगड पाहायचा होता. मला त्या दगडाचा इतिहास त्यांना सांगायचा होता.

पूर्वी तिथल्या दगडावर कोरलं होतं की हाउलंडची बायको ही गव्हर्नर कार्व्हरची लेक. वंशजांनी पिढ्यानपिढ्या ते खरं मानलं, आणि का मानू नये, दगडावर कोरलेलं होतं. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने स्वतः लिहिलेल्या इतिहासाचं हस्तलिखित अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळापासून बेपत्ता होतं. ते १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम राजवाड्यातल्या ग्रंथालयात सापडलं. त्यात उतारूंची यादी आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं. गव्हर्नरची लेक गेली. तिच्या जागी आली बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावची तेरा वर्षांची मुलगी. पहिल्या हिवाळ्यात तिचे आई, वडील, काका, काकू चौघंही गेले आणि ती एकटी उरली.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘ही जास्त आवडली मला.’’ मलाही.

सँडविच स्ट्रीटवर त्यांचा मुलगा जेबेझ याचं घर अजून उभं आहे. मेफ्लॉवरच्या उतारूंचे पाय लागलेलं प्लिमथमधलं उरलेलं घर ते हेच. एलिझाबेथ शेवटी लेक लिडियाकडे स्वान्झीला राहिली आणि १६८७ मध्ये तिथेच वारली.

८ जून

पिढी ६ चा नवरा स्वातंत्र्ययुद्धात सैनिक होता हे गोरमच्या यादीत होतंच. मग निवृत्तिवेतनाची फाइल असणार. युद्धानंतर खूप वर्षांनी, १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी, सैनिकांच्या विधवांना पैसे मिळू लागले. १८३८ चा कायदा १७९४ पूर्वी लग्न झालेल्या विधवांसाठी होता. पैसे हवेत तर लग्न झाल्याचा पुरावा द्या. ऐंशीच्या घरातल्या बायका कोर्टात उभ्या राहून साठ वर्षांपूर्वीचं लग्न शपथेवर सांगत होत्या. गावच्या वहीत नोंद नसेल तर घरच्या बायबलमध्ये जन्म-लग्नं लिहिलेलं पान फाडून अर्जाला जोडत होत्या. ती पानं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही फाइलींत आहेत.

आपल्या पिढी ६ ची फाइल मिळाली. वय ८२. तिचं म्हणणं असं : लग्न १७७९ मध्ये बार्नस्टेबलला, तिथल्या पाद्रीबुवांनी लावलं, नवरा तेव्हा पलटणीतून सुटीवर आला होता, युद्ध संपल्यावर दोघं गोरमला आली. सोबत बायबलचं पान. लग्नाची तारीख आणि खाली आठ मुलं, तीच आठ, गावच्या वहीतल्याच तारखांची. पिढी ७ पक्की.

माहेरचं आडनाव पानावर आहे. कागदाची कड झिजल्याने शेवटची दोन अक्षरं गेलीत, पण उरलेली पुरेशी आहेत. तरी बार्नस्टेबलला त्या आडनावाची घरं एकापेक्षा जास्त होती. बाप कोण, हे अजून बाकी.

२९ जून

बार्नस्टेबल. इथला प्रकार पोर्टलंडच्या बरोबर उलटा. ऑक्टोबर १८२७ मध्ये इथलं कोर्ट जळलं आणि खरेदीखतांचे जवळजवळ सगळे खंड गेले, पण मृत्युपत्रं वाचली. एका टोकाला खतं उरलीत, दुसऱ्या टोकाला मृत्युपत्रं. दोन आगींमधून जे उरलं त्यावर चालायचं.

पिढी ५ च्या पुरुषाचं मृत्युपत्र १७९० च्या दशकातलं. तीन पानं. थोरल्याला घर, धाकट्याला खाजण आणि होडीचा वाटा, बायकोला एक गाय आणि पश्चिमेकडची खोली. मग दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती : माझी लेक अमकी, गोरमच्या अमक्याची बायको, हिला त्या गावातला माझा जमिनीचा वाटा, जो नॅरॅगॅन्सेट युद्धात लढलेल्या माझ्या आजोबांच्या हक्काने मला मिळाला.

नाव, नवरा, गाव, तिन्ही एका वाक्यात. दुवा जुळला. सासूबाईंना फोन केला तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही.

१३ जुलै

मृत्युपत्रातलं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आजोबांचा हक्क म्हणजे काय हे मुळापासून वाचून काढलं.

१६७५ मध्ये वाम्पानोग या मूळनिवासी जमातीचा सरदार मेटाकॉम याच्याशी वसाहतींचं युद्ध पेटलं. नॅरॅगॅन्सेट लोक या युद्धात नव्हते, पण त्यांनी पळून आलेल्या वाम्पानोग बायकापोरांना आसरा दिला होता. त्यांच्यावर चालून जाण्यासाठी मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेटिकटची मिळून सुमारे हजाराची फौज जमली. निघण्यापूर्वी डेडहॅमच्या मैदानावर मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना सांगण्यात आलं की किल्ला घेतलात आणि शत्रूला त्याच्या मुलखातून हाकललंत तर पगाराखेरीज जमीन मिळेल. १९ डिसेंबर १६७५ रोजी आजच्या ऱ्होड आयलंडमधल्या दलदलीतल्या त्यांच्या हिवाळी गढीवर हल्ला झाला. थंडीने दलदल गोठली होती म्हणून फौज आत जाऊ शकली. झोपड्या पेटवल्या. आत म्हातारे, बायका, मुलं आणि हिवाळ्याचं धान्य. शेकडो माणसं मेली. जी निसटली त्यांतली कितीतरी थंडीने आणि उपासमारीने पुढच्या दिवसांत गेली.

देझायरचा नवरा कॅप्टन गोरम या मोहिमेत प्लिमथच्या तुकडीचा कप्तान होता. त्यानंतर स्वान्झीला तापाने ५ फेब्रुवारी १६७५/७६ रोजी वारला. देझायरच्या लेकीचा (पिढी ३) नवरा, म्हणजे मृत्युपत्रातले आजोबा, याच मोहिमेतला साधा शिपाई.

जमिनीचं वचन पुरं व्हायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. मॅसॅच्युसेट्सने अखेर सात गावं नेमली. जून १७३३ मध्ये हक्कदार बॉस्टन कॉमनवर जमले आणि १२० जणांचा एक असे सात गट पडले, एकूण ८४० हक्क. बहुतेक शिपाई तोवर मेलेले, त्यामुळे याद्या वारसांच्या : अमका, बापाच्या हक्काने, तमका, आजोबांच्या हक्काने. वंशशोधकांना या याद्या फार मोलाच्या, कारण तीन पिढ्या एका ओळीत मिळतात. सातवं गाव केप कॉडच्या बाजूच्या लोकांना गेलं. आधी त्याचं नाव नॅरॅगॅन्सेट क्रमांक ७. मग कॅप्टनच्या नावावरून गोरम.

ज्या लोकांची गढी जाळली त्यांचंच नाव बक्षिसाच्या गावाला दिलं होतं.

आमचा तुटलेला दुवा जुळला तो या बक्षिसामुळे. गढी जाळली नसती तर हक्क नसता, हक्क नसता तर मृत्युपत्रातलं ते वाक्य नसतं, आणि मी अजून बार्नस्टेबलच्या नावांत चाचपडत असते. हे मला फाइलबाहेर ठेवता येणार नाही.

३ ऑगस्ट

गोरमला जाऊन आले. सखल शेतं, पाइन, आणि सीमेवरून वाहणारी प्रिझम्पस्कॉट नदी. १७३६ मध्ये इथे पहिलं गोरं घर आलं. पण जागा रिकामी नव्हती. नदीकाठी वाबानाकी लोक होते, सामन मासे आणि मक्यावर जगणारे. वसाहतवाल्यांनी नदीच्या तोंडाशी धरण बांधलं आणि मासे वर चढायचे थांबले. त्यांचा सरदार पोलिन १७३९ मध्ये बॉस्टनला चालत गेला आणि गव्हर्नरपुढे गाऱ्हाणं मांडलं : माशांना वाट ठेवा, नदी आमची आहे. वाट सोडायचा हुकूम निघाला, पाळला गेला नाही. पोलिन १७५६ मध्ये शेजारच्या वस्तीजवळ लढताना मारला गेला.

दक्षिणेत एका जमातीची गढी जाळल्याचं बक्षीस म्हणून उत्तरेतल्या दुसऱ्या जमातीची नदी दिली, आणि ती पिढी ६ च्या पदरात वडिलांच्या मायेने पडली. तिने विधवा-हक्क सोडला ती जमीन हीच. मी चतुःसीमा ताडून पाहिल्या.

२४ ऑगस्ट

सासूबाईंशी लांब बोलणं. त्यांचं मत असं की मेफ्लॉवर संस्थेकडचा अर्ज वंशाचा आहे, युद्धाचा नव्हे, आणि आजीने आयुष्यभर अभिमानाने जपलेल्या कागदाला असं शेपूट नको. मी म्हटलं, आई, अर्जात त्याला रकानाच नाही, तिथे मी काही घालणार नाही. पण घरची फाइल आपली आहे. त्यात मृत्युपत्राच्या नकलेला लागून एक पान असेल : दलदलीतला हल्ला, सात गावं, पोलिनचं गाऱ्हाणं. नुसतं मृत्युपत्र वाचून लेकीला वाटेल की बापाने लेकीला जमीन दिली, केवढं छान. जमीन आली कुठून हेही त्याच ठिकाणी वाचायला मिळायला हवं.

त्यांना पान शेवटी, परिशिष्टात हवं होतं. मी पिढी ३ पाशीच ठेवणार म्हणून सांगितलं. पटलं असं नाही म्हणाल्या, पण ‘‘लिहून मला आधी वाचायला दे’’ म्हणाल्या.

१४ सप्टेंबर

पान लिहून पाठवलं होतं. सासूबाईंनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, दोन्ही रास्त. त्यांतली मोठी म्हणजे मी नॅरॅगॅन्सेट लोकांविषयी सगळं भूतकाळात लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ती माणसं आहेत, शेजारच्या राज्यात राहतात, पेपरात येतं. खरं आहे : १९८३ मध्ये त्यांना संघराज्याची मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या इतिहास संस्थेने हल्ल्याची जागा त्यांच्या नावे परत केली. दोन्ही ओळी घातल्या.

५ ऑक्टोबर

अर्ज रवाना. चौदा पिढ्या, प्रत्येक ओळीला कागद. पिढी ६ ला तीन : निवृत्तिवेतनाचा जबाब, बायबलचं पान, बापाचं मृत्युपत्र. डीएनए चाचणीचा अहवाल जोडला नाही. इतक्या मागे त्यातून एका ठरावीक पूर्वजाचं नाव सिद्ध होत नाही.

९ नोव्हेंबर

संस्थेच्या राज्य शाखेच्या इतिहासकारांचं पत्र. पिढी ६ मान्य, मृत्युपत्राबद्दल वेगळा आनंद कळवलाय, कारण छापील ग्रंथात त्या मुलीपुढे कोरं होतं आणि आता नवऱ्याचं नाव भरता येईल. हरकत पिढी ८ वर : १८५० ची जनगणना नातं सांगत नाही, आणखी काही द्या. कंबरलंडच्या खतांत पिढी ७ च्या सहा मुलांनी बापाच्या शेतातला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र आहे. १८६० च्या दशकातलं, सहांच्या सह्या आणि लेकींच्या नवऱ्यांच्याही. त्यात पिढी ८ तिसरी. प्रमाणित नकलेसाठी आज पोर्टलंडला पैसे भरले.